वेस्ट पॉइंटचे दोन तह : १९९८ आणि २०२४



आजच्या भागात तोफा नाहीत, गड नाहीत, घोडदळही नाही. आज मी एका खेळाच्या संघाबद्दल बोलणार आहे, आणि तोही अमेरिकेतल्या. साहेबांचं वय झालं, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो की हा संघ वेस्ट पॉइंटचा आहे. अमेरिकेच्या भूदलाचे अधिकारी जिथे घडतात, ती हडसन नदीच्या काठावरची अकादमी. ती सुरू झाली १८०२ साली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, आपल्याकडे वसईचा तह झाला आणि दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण साल ऐकलं की माझ्या डोक्यात वसई येतेच. तह सगळेच करतात हो. शिवाजी महाराजांनीही पुरंदरला केला. पण कलमं कोणती घातली आणि नंतर हालचालीला जागा किती ठेवली, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वेस्ट पॉइंटच्या फुटबॉल संघाने असे दोन तह केले. पहिला १९९८ साली, दुसरा २०२४ साली. पहिल्यात संघाची अक्षरशः धूळधाण झाली. दुसऱ्यात पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळालं. आणि दोन्ही वेळी समोरचे काही संघ तेच होते! हे कसं झालं, ते आज बघू.

मला यात रस का, तेही सांगतो. मी खडकवासल्याचा. आपली एन.डी.ए. उभी राहण्याआधी, १९४५ मध्ये, फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि तिच्यासमोर वेस्ट पॉइंटचा नमुना होता. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ ला कोनशिला बसवली तेव्हा एक मोठा फरक मात्र आपण केलेला होता. अमेरिकेत भूदलाची अकादमी वेगळी, नौदलाची वेगळी, हवाई दलाची वेगळी. आपण तिन्ही दलांची पोरं एकाच मेसमध्ये बसवली. त्यामुळे आमची भांडणं स्क्वाड्रन-स्क्वाड्रनमधली. तिकडे मात्र भूदल विरुद्ध नौदल असा उघड सामना असतो, १८९० पासून. पहिल्या सामन्यात नौदलाने २४-० ने धुतलं. तो सामना भरवण्यासाठी धडपडलेला कॅडेट डेनिस मायकी पुढे १८९८ च्या युद्धात क्यूबात मारला गेला. वेस्ट पॉइंटच्या मैदानाला त्याचंच नाव आहे, मायकी स्टेडियम. १९२४ पासून तिथे सामने होतात.

आता खेळ. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याच्या हवाली. म्हणजे जमिनीचा तुकडा जिंकत जिंकत शत्रूच्या टोकापर्यंत पोचायचं. पायदळातल्या माणसाला हा खेळ पाच मिनिटांत कळतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या अमेरिकेतल्या जावयाला मी समजून घेण्यासाठी प्रश्न विचारत होतो आणि सामना संपेपर्यंत मी त्यालाच फळीची रचना समजावत होतो. असो.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे रणजी करंडकात पूर्वी विभाग असायचे. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. आधी आपापसात खेळा, मग पुढे जा. अमेरिकेतली विद्यापीठंही अशीच गट करून खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. पण आपले विभाग क्रिकेट मंडळाने आखून दिलेले. तिकडे कुठल्या गटात बसायचं हे विद्यापीठ स्वतः ठरवतं आणि गटानेही त्याला घ्यावं लागतं. हा सौदा असतो, आणि गेली चाळीस वर्षं त्यात खेळापेक्षा टी.व्ही.चा पैसा जास्त बोलतो.

त्याला कारण १९८४ चा एक निकाल. तोवर कुठला सामना टी.व्ही.वर दाखवायचा, किती वेळा दाखवायचा, हे महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था, एन.सी.ए.ए., ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाचं मंडळ त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी संस्थेची मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे तरुणपणी स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते! निकालानंतर प्रत्येकाला आपले सामने विकायची मोकळीक मिळाली, आणि एकट्यापेक्षा गटाने विकले तर भाव जास्त, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग गट फुटायला आणि नवे जुळायला लागले. आज त्याची अवस्था अशी आहे की बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये अठरा विद्यापीठं आहेत, आणि पॅसिफिक महासागराच्या बाजूचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. दहाची पंगत आणि अठरा पानं. भूगोलाच्या मास्तरांनी शाळा सोडून दिली असावी.

वेस्ट पॉइंट या सगळ्याच्या बाहेर होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ ते अपक्ष म्हणून खेळले आणि अपक्ष असणं त्यांना शोभतही होतं. पूर्वेकडे अपक्षांची मोठी बिरादरी होती. नोत्र दाम, पेन स्टेट, पिट्सबर्ग, सिरॅक्यूस, नौदल. कुणाशी खेळायचं ते आपण ठरवायचं. १९१२ च्या संघात आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता. त्याच मोसमात गुडघा दुखावला आणि त्याचा खेळ संपला. अधिकारी म्हणून मात्र त्याचं बरं चाललं, हे तुम्हाला माहीतच आहे.

१९४४, १९४५, १९४६ ही सुवर्णवर्षं. प्रशिक्षक रेड ब्लेक. तीन वर्षांत एकही पराभव नाही. फक्त १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर नोत्र दामशी ०-० अशी बरोबरी. इथे इतिहासकाराने प्रामाणिक राहावं. युद्धामुळे बाकी विद्यापीठांची तरणीताठी पोरं सैन्यात गेली होती, आणि सैन्याची अकादमी तर सैन्यातच होती. चांगला खेळाडू आपसूक त्यांच्याकडे येत होता. आपल्याकडे सर्व्हिसेसचा क्रिकेट संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ असा सलग दोनदा रणजीच्या अंतिम फेरीत गेला होता. एकदा मुंबईकडून हरला, एकदा बडोद्याकडून. बडोदेकर मंडळी खूश होतील. नंतर तो काळ परत आला नाही. सैन्याच्या संघांचं असं होतं. बाहेरच्या जगात खेळाडूला पैसा मिळायला लागला की लष्करी शिस्तीचं आकर्षण कमी पडतं.

वेस्ट पॉइंटचा उतार पैशाच्याही आधी सुरू झाला. १९५१ मध्ये परीक्षेचे प्रश्न एकमेकांना पुरवल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि नव्वद कॅडेट घरी गेले. त्यातले बरेच फुटबॉलचे. प्रशिक्षक ब्लेक यांचा स्वतःचा मुलगाही होता त्यात. तरी अकादमीने कुणाची गय केली नाही. फुटबॉल संघ जवळजवळ मोडला, पण सचोटीचा नियम मोडला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. १९५८ मध्ये पीट डॉकिन्सला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला. तो पुढे ब्रिगेडियर जनरल झाला. त्यानंतर वेस्ट पॉइंटच्या कुणालाही तो करंडक मिळालेला नाही.

आता कॅडेटची अडचण समजून घ्या. वेस्ट पॉइंटला शिकणाऱ्या प्रत्येकाची फी सरकार भरतं, वर पगारही देतं. त्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा. फुटबॉलच्या पुढच्या फळीत दीडशे किलोचे पहाड लागतात. इथल्या पोराला मात्र लेफ्टनंट होताना सैन्याच्या वजनाच्या नियमात बसावं लागतं. मोसम संपला की फळीतली पोरं वजन उतरवायला लागतात. शिवाय पहाटे परेड, दिवसभर इंजिनियरिंगचे तास. व्यावसायिक फुटबॉलची स्वप्नं बघणारा अठरा वर्षांचा मुलगा इथे कशाला येईल? तरी काही येतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

अशा हलक्या संघाने मोठ्यांशी लढायचं कसं? त्यांचं उत्तर आहे ऑप्शन नावाची पद्धत. चेंडू फेकायचा नाही, पळवायचा. पण कोण पळवणार हे शेवटच्या क्षणापर्यंत गुलदस्त्यात. मधला खेळाडू, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो समोरच्या एका बचावपटूकडे बघतो. तो आत आला तर चेंडू एकाला, बाहेर गेला तर दुसऱ्याला, नाहीतर स्वतःच घेऊन पळायचं. त्यात घड्याळ चालू राहतं, समोरच्याला चेंडूच कमी वेळा मिळतो. ताकद कमी असेल तर लढाईच लहान करा. आणि या पद्धतीचं मोठं शस्त्र म्हणजे अनोळखीपणा. बाकी फारसं कुणी असं खेळत नाही, त्यामुळे समोरच्याला तयारीला जेमतेम एक आठवडा मिळतो. आपल्याला गनिमी काव्याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

आता पहिला तह. १९९० च्या आसपास पूर्वेकडच्या अपक्षांची बिरादरी विस्कटली. पेन स्टेट बिग टेनमध्ये गेलं. सिरॅक्यूस, पिट्सबर्ग बिग ईस्टमध्ये. नोत्र दामला १९९१ पासून एन.बी.सी. वाहिनीचा स्वतंत्र करार मिळाला, ते सुटले. वेस्ट पॉइंटला खेळायला माणसं शोधावी लागायला लागली. १९९६ मध्ये संघ चांगला झाला, दहा सामने जिंकला. तेवढ्या भरवशावर १९९८ पासून ते कॉन्फरन्स यू.एस.ए. नावाच्या गटात फुटबॉलसाठी दाखल झाले. गटात लुइव्हिल, सदर्न मिसिसिपी, ईस्ट कॅरोलिना, मेम्फिस, ह्यूस्टन, सिनसिनाटी, टुलेन.

त्यावेळी हा निर्णय मूर्खपणाचा वाटला नसणार. ठरलेलं वेळापत्रक, टी.व्ही., मोसमाच्या शेवटी बोल सामन्यात जायची ठरलेली वाट. सगळं कागदावर बरोबर. पण दरवर्षी सहा ते आठ सामने अशा संघांशी की ज्यांच्याकडे पोरं फक्त फुटबॉल खेळायला येतात. अपक्ष असताना एखाद्या अवघड सामन्यानंतर सोपा सामना ठेवता येत होता. ती मोकळीक गेली. वर एक चूक घरचीच. २००० साली नवे प्रशिक्षक आणले आणि ऑप्शन सोडून बाकीच्यांसारखा चेंडू फेकायचा खेळ सुरू केला. म्हणजे मावळ्यांनी डोंगर सोडून मैदानात मोगलांच्या तोफांसमोर फळी धरायची! माझ्या मते गटात जाण्यापेक्षाही हा घाव मोठा होता.

आकडे ऐका. १९९८ ते २००४, सात मोसम, ८० सामने. जिंकले १३, हरले ६७. गटातल्या ५० सामन्यांपैकी ९ जिंकले. २००३ मध्ये तर १३ पैकी १३ हरले. वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एका मोसमात ०-१३ ही पाटी त्याआधी कुणाच्याच नावावर लागली नव्हती. शेवटचा सामना नौदलाशी, तो ३४-६ ने हरले. मोसम अर्धा झाला असतानाच प्रशिक्षकांना काढलं होतं.

आता वर्ष बघा. २००३. इराकचं युद्ध सुरू झालेलं. त्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी तेरा शनिवार मार खाल्ला आणि २००४ च्या उन्हाळ्यात खांद्यावर लेफ्टनंटच्या पट्ट्या लावून ते युद्ध चालू असलेल्या सैन्यात दाखल झाले. मी पोरांचं नेतृत्व केलेलं आहे. हरण्याची सवय ही फार वाईट चीज आहे, आणि अधिकारी घडवणाऱ्या संस्थेने ती सवय लागेल असा करार करणं, हे माझ्या पचनी पडत नाही. कुणी म्हणेल हरून माणूस कणखर होतो. एकदा-दोनदा हरून होतो. सदुसष्ट वेळा हरून नाही.

याला आमच्या भाषेत एक शब्द आहे, अंडर कमांड. एखादी पलटण दुसऱ्या ब्रिगेडच्या अंडर कमांड दिली की तिचं सगळं त्यांच्या हातात. कुठे बसायचं, कधी निघायचं, सगळं. पण त्याच आदेशात एखादी अट लिहून घेता येते. अमुक तारखेपर्यंतच, किंवा अमुक तुकडी वगळून. अनुभवी कमांडिंग ऑफिसर ती ओळ आधी वाचतो. मी मेजर असताना आमची पलटण अशीच एका नव्या फॉर्मेशनकडे गेली आणि आमच्या हॉकी संघाला त्यांच्या स्पर्धेत खेळावं लागलं. समोर खेळाच्या कोट्यातून भरती झालेली पोरं. आमची पोरं आठवड्यापूर्वी चौकीवरून उतरलेली. गोल किती झाले ते सांगत नाही. अट लिहून घ्यायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

वेस्ट पॉइंट २००४ च्या मोसमानंतर गटातून बाहेर पडलं, २००५ पासून पुन्हा अपक्ष. लगेच चमत्कार झाला नाही. नौदलाकडून सलग चौदा वर्षं हरले, २००२ ते २०१५. पण २०१४ मध्ये जेफ मंकन आले. त्यांनी नौदलाकडे साहाय्यक म्हणून काम केलेलं, ऑप्शन त्यांच्या रक्तात. २०१६ मध्ये २१-१७ ने नौदलाविरुद्धची साखळी तुटली. २०१८ मध्ये ११ विजय, त्यात ओक्लाहोमासारख्या बलाढ्य संघाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेपर्यंत खेचलं. अपक्ष राहूनच सगळं चाललं होतं. मग पुन्हा गट कशाला?

२०२० ने उत्तर दिलं. कोविड आला, प्रत्येक कॉन्फरन्सने दारं लावून घेतली, बहुतेकांनी आपापसातच सामने ठेवले, आणि वेस्ट पॉइंटचं वेळापत्रक कोसळलं. मिळेल त्याला फोन करून नवे सामने जमवले. नौदलाचा सामना १९४३ नंतर पहिल्यांदाच वेस्ट पॉइंटवर झाला, धुक्यात, आणि १५-० ने जिंकले. नऊ विजय हातात होते, तरी मोसमाच्या शेवटी बोल सामना नाही. ज्या बोलशी बोलणं झालेलं तो रद्द झाला, आणि गट नसल्यामुळे दुसरीकडे हक्काची जागा नाही. शेवटी टेनेसीचा संघ कोविडमुळे मागे हटला म्हणून त्यांच्या जागी लिबर्टी बोलमध्ये बोलावणं आलं. जिंकलेली फौज दुसऱ्याच्या उरलेल्या तंबूत!

मग २०२३. बी.वाय.यू. बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं, लिबर्टी विद्यापीठ आणि न्यू मेक्सिको स्टेट कॉन्फरन्स यू.एस.ए.मध्ये. अपक्ष बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यातच ठरलं की २०२४ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी चारऐवजी बारा संघ खेळतील, आणि त्यांत गटविजेत्यांपैकी क्रमवारीतल्या वरच्यांना हक्काची जागा. ज्याला गटच नाही, तो गटविजेता कसा होणार? नोत्र दामला त्याची पर्वा नाही, त्यांच्या नावावर दार उघडतं. वेस्ट पॉइंटच्या नावावर २०२३ मध्ये उघडत नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये घोषणा झाली. २०२४ पासून वेस्ट पॉइंट अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये. त्यातून एस.एम.यू. बाहेर पडलं होतं, ती जागा यांना. नौदल तिथे २०१५ पासून होतंच. आणि आता कलमं वाचा. एक, दाखल होणार फक्त फुटबॉल. बाकीचे खेळ बहुतांशी पूर्वीप्रमाणे पेट्रियट लीगमध्ये, जिथे अभ्यासाला महत्त्व देणारी, त्यांच्याच मापाची महाविद्यालयं आहेत. आणि दुसरं, ज्याच्यासाठी मी हा सगळा भाग केला. भूदल-नौदल सामना गटाच्या हिशेबात धरायचा नाही. दोघं एकाच गटात असूनही! तो डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, गटाचा अंतिम सामना होऊन गेल्यावर, स्वतंत्रपणे होणार, आजवर होत आला तसा.

कल्पना करा, गटातले चौदा संघ, त्यातल्या दोघांचा आपसातला सामना गुणतक्त्यात नाही. दुसऱ्या कुठल्या संघाने असं मागितलं असतं तर हसले असते. पण गटालाही सैन्याचं नाव हवं होतं, आणि वेस्ट पॉइंटला ते कळलं होतं. १९९८ ला ते आसरा मागायला गेले. २०२३ ला ते काहीतरी घेऊन गेले.

या कलमात एक खोच होती, आणि ती लगेच वर आली. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत भूदल आणि नौदल दोघंही एकही सामना हरले नव्हते. दोघं गटाच्या अंतिम सामन्यात पोचले असते तर लागोपाठ दोन शनिवार-रविवारांत दोनदा समोरासमोर आले असते, एकदा गटासाठी, एकदा इभ्रतीसाठी. शिवाय राष्ट्रीय बारा संघांची निवड ८ डिसेंबरला, आणि नौदलाशी सामना १४ तारखेला. म्हणजे निवडीत त्या सामन्याचा विचारच नाही. काही जणांनी तारीख अलीकडे आणा असंही सुचवलं. मला वाटतं, ज्या दिवशी ती तारीख हलेल त्या दिवशी हा तह वसईचा होईल. नौदलाने पुढे काही सामने गमावले आणि तो पेच त्या वर्षापुरता टळला.

मोसम कसा गेला? गटातले आठही सामने जिंकले. ऑप्शन परत आणलेली. क्वार्टरबॅक ब्रायसन डेली, टेक्सासचा दणकट गडी, स्वतः चेंडू घेऊन घुसायचा. मोसमात त्याने ३२ वेळा पळत जाऊन टचडाउन केलं. नॉर्थ टेक्साससमोर एकच चढाई २१ डावांची, ९४ यार्डांची, आणि ती जवळजवळ चौदा मिनिटं चालली. चौदा मिनिटं समोरचा संघ नुसता अडवत बसला. नोव्हेंबरात यँकी स्टेडियमवर नोत्र दामने मात्र ४९-१४ ने जमिनीवर आणलं. राष्ट्रीय बारांतली जागा तिथेच लांब गेली.

६ डिसेंबर, शुक्रवार रात्र. मी तेव्हा न्यू जर्सीत मुलीकडे होतो. गटाचा अंतिम सामना मायकी स्टेडियमवर, समोर टुलेन. हेच टुलेन १९९८ मध्ये, पहिल्या तहाच्या पहिल्या वर्षी, एकही सामना न हरता गटविजेते झाले होते आणि वेस्ट पॉइंट तीन सामने जिंकून मागे रखडलं होतं. या वेळी वेस्ट पॉइंट ३५-१४. एकशे चौतीस वर्षांच्या फुटबॉलमध्ये पहिलं गटविजेतेपद. करड्या ओव्हरकोटातले कॅडेट मैदानात धावत सुटले. आमची सौ. शेजारी बसून विणत होती, म्हणाली, "पासिंग आउट परेडनंतर तुम्ही टोप्या उडवलेल्या, तसंच दिसतंय."

त्या मोसमातला शेवटचा विजयही सांगण्यासारखा आहे, इंडिपेन्डन्स बोलमधला. तिथे समोर मार्शल विद्यापीठ यायचं होतं, तेही आपल्या गटाचं विजेतं. पण त्यांचे प्रशिक्षक दुसरीकडे गेले, पाठोपाठ वीसहून जास्त खेळाडूंनी विद्यापीठ बदलायला नावं दिली, आणि खेळायला संघच उरला नाही म्हणून त्यांनी माघार घेतली! २०२१ पासून तिकडच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालंय. कॅडेटना हे पैसे घेता येत नाहीत. वेस्ट पॉइंटचा संघ जागेवर होता. ऐन वेळी आलेल्या लुइझियाना टेकला २७-६ ने हरवून त्यांनी बारावा विजय घेतला. एका मोसमात बारा विजय त्यांना १९४४-४६ च्या सुवर्णवर्षांतही मिळाले नव्हते, कारण तेव्हा सामनेच कमी असत.

पण मधला तो शनिवार राहिला. १४ डिसेंबर, मेरीलँडमधलं लँडओव्हर. गटविजेता होऊन आठ दिवस झालेले, समोर नौदल, आणि गुणतक्त्यात या सामन्याला काही किंमत नाही. सकाळी दोन्ही अकादम्यांचे हजारो कॅडेट संचलन करत मैदानात आले. डेलीचे तीन पास नौदलाने अडवले. नौदल ३१, भूदल १३.

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र चालत आधी हरलेल्यांच्या कॅडेटांसमोर जातात आणि त्यांचं अकादमीगीत होतं. मग जिंकलेल्यांच्या बाजूला. त्यामुळे तिकडे सगळ्यांना दुसऱ्यांदा गायचं असतं. त्या दिवशी गटाचे विजेते आधी गायले. हेल्मेट काढून, ताठ उभे राहून. नौदलाची पोरं त्यांच्या मागे, तशीच ताठ.